दोन्ही बाह्या उजव्या

“कपडा असो की अल्बम, मी आधी उलटा करून बघतो. आतली शिलाई खोटं बोलत नाही. मला फसवणारा अजून जन्मायचाय,” मास्तर फोनमध्ये बोलले. बोलणं जगभर पाठवून दिलं आणि नुकताच शिवून झालेला कोट समोरच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला.

कोटाला दोन्ही बाह्या उजव्या लागल्या होत्या.

गिऱ्हाईक डावा हात हवेत धरून उभं राहिलं. कोपर एकीकडे बघत होतं, बाही दुसरीकडे. मास्तरांनी कोट उतरवून घेतला. गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. ते मास्तरांचे गाण्यांवरचे शेरे न चुकता ऐकायचं, आणि पुढचा शेरा आपल्यावर नको होता.

शेऱ्यांना भलेभले टरकून असत. हाताने काजं करता करता मास्तर अख्खा अल्बम ऐकत आणि मग मनात येईल ते तोंडावर सांगून टाकत. पाच पोरांच्या एका लाडक्या बँडबद्दल ते म्हणाले होते, गातो एकटाच, बाकीचे चौघे अस्तर. एका रॅपरबद्दल म्हणाले, कापड वीतभर, त्याला खिसेच खिसे, आणि प्रत्येक खिशात स्वतःचंच नाव. एका नावाजलेल्या बँडबद्दल म्हणाले, यांचा गिटारवाला बहुतेक रजेवर होता. त्या गिटारवाल्यानं स्वतः लिहून विचारलं, मास्तर, तुम्ही नक्की काय ऐकलंत? लोक गिटारवाल्यालाच हसले.

आज लेक आली होती. दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात रॅप. तिचा पहिला अल्बम उद्या लोकांसमोर जायचा होता. तिनं तो मास्तरांच्या फोनवर पाठवला होता आणि दारातच सांगितलं होतं की बाबा नाही म्हणाले तर पुसून टाकणार. मास्तर म्हणाले होते, लेक म्हणून काही सवलत मिळायची नाही. तिनं ती मागितलीही नव्हती.

गिऱ्हाईक गेल्यावर ती त्यांच्या उजवीकडे, त्याच्या स्टुलावर बसली. मास्तरांनी फोन शिलाई मशीनवर ठेवला, हेडफोनची वायर लावली आणि कोटाची चुकलेली बाही मांडीवर घेतली. शिलाई उसवत त्यांनी अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. एकही गाणं पुढे ढकललं नाही. लेक त्यांच्या भुवयांकडे बघत बसली होती.

शेवटी भुवया खाली आल्या.

शब्द चांगले आहेत, ते म्हणाले. ठेका चोख बसलाय. पण अंगात भरत नाही. मधे मधे भोकं आहेत. तू काहीतरी विचारतेस आणि थांबतेस, उत्तर कोणी देतच नाही. शेवटच्या गाण्यात तर एक प्रश्न, मग नुसते ठोके आणि शांतता. एवढं कापड वाया घालवायचं तर कात्री हातात धरायची कशाला? असा माल मी दुकानाबाहेर जाऊ दिला नसता.

लेकीनं मान खाली घातली. मग विचारलं, “आणि आई?”

आईचं काय, मास्तर म्हणाले, तू डबा बडवला असतास तरी तिला आवडलं असतं.

तसं नाही, ती म्हणाली. यात आई कशी वाटली?

रुमालाएवढं कापड आणून त्यात कोट मागणाऱ्याकडे बघावं तसं मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. यात आई कुठंय?

ती उठली. फोन उचलायला मशीनला वळसा घालून पलीकडे गेली, आणि तिथंच थबकली. हेडफोनची एक वाटी मास्तरांच्या उजव्या कानावर घट्ट बसली होती. दुसरी डाव्या कानाच्या मागे ढकललेली होती.

“बाबा, हा कान कोणासाठी उघडा ठेवलायस?”

“तुझ्या आईसाठी,” मास्तर चटकन म्हणाले. “आतून हाक आली तर कळायला नको?”

मग सुईत दोरा ओवायला लागले. दोरा आधीच ओवलेला होता.

आतली खोली डाव्या हाताला होती. बायको तिथं फार दिवस अंथरुणाला खिळून होती. ती गेली, पलंग कोणाला तरी देऊन टाकला, खोलीत कापडाचे तागे आले. कान मात्र उघडाच राहिला. त्या गिटारवाल्यानं रजा घेतलीच नव्हती. तो डाव्या वाटीत वाजत होता. अस्तर म्हणून हिणवलेली ती पोरंही तिथंच कुठेतरी जीव तोडून गात असणार.

 गाणी दोन कानांत वाटलेली असतात, लेक सांगत होती. आजारपणात आईचं बोलणं मी फोनवर भरून ठेवलं होतं. ती तुला नेहमी डावीकडून हाक मारायची, म्हणून तिला डावीकडेच ठेवली.

मास्तरांनी बाही बाजूला ठेवली. डावी वाटी स्वतःच्या हातानं पुढे ओढून कानावर बसवली आणि लेकीला मान हलवून खूण केली. तिनं मशीनवरच्या फोनवर शेवटचं गाणं लावलं.

ठोके सुरू झाले. गाण्यातल्या लेकीनं तिचा प्रश्न विचारला आणि ती थांबली. त्या भोकात, थोडी धाप लागलेली, पण आजारपणात रोज दुपारी लागायची तेवढीच, बायको बोलली.

“अहो, ऐकताय ना? जरा आत या.”

“आलो,” मास्तर म्हणाले.

ते उठले आणि आतल्या खोलीकडे निघाले. दारापाशी वायर संपली आणि फोन फरशीवर पडून फुटला.