रल्लीतला पोपट

शीलाने कात्रीचं टोक पोपटाच्या मानेपाशी टेकवलं. तो पोपट तिनेच भरला होता. हिरवं रेशीम, लाल चोच, गळ्याला काळा कंठ. आठवडाभर डोळे फोडून केलेलं काम. आता परवाच्या आत तेच उसवायचं होतं.

फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वसली त्या कॅम्प दोनमध्ये धर्मेशशेठचा रफू-भरतकामाचा गाळा होता. ईश्वरी दादींनी त्यांची रल्ली तिथे आणून दिली होती. रल्ली म्हणजे सिंधी घरातली गोधडी. ही तर दादींच्या आईने सिंधमध्ये भरलेली, काठापासून काठापर्यंत रेशमी फुलं नि वेली. फक्त मधलं चित्र झिजून साफ गेलं होतं आणि तिथलं कापडही विरलं होतं. इथे पोपट होता, तो पुन्हा भर, असं दादींनी शीलाला सांगितलं. त्या गेल्यावर शेठनी बजावलं, ही बिघडली तर उद्यापासून येऊ नकोस.

आणि आज सकाळी समोरच्या मॅचिंग सेंटरवाल्या भाभी काम बघायला आल्या. त्याही सिंधीच. पोपट बघून त्यांना हसू आवरेना.

“अरे शीला, ये क्या बनाया? हमारी सिंधी में पोपट मतलब तितली.”

भाभी हसत निघून गेल्या. शीलाने रल्ली पुन्हा मांडीवर ओढली. कॅम्पात तीन भाषांची भेळ. कोण कुठला शब्द कुठून उचलेल, सांगता येत नाही. दादींना विचारावं, तर चूक शेठच्या कानावर जाणार. गप्प बसावं, तर परवा न्यायला आल्या की दादी रल्ली उघडणार. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, कुळगावच्या घरातली चूल हिच्या सुईवर पेटणारी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. तिने कात्री चालवली.

टाके निघाले तसं कापड फिसकत गेलं. खालून अस्तर लावून, दोन रात्री जागून तिने तिथे पिवळं फुलपाखरू भरलं. देखणं झालं. पण त्या जागेवर आता आणखी एकही टाका बसला नसता.

दादी आल्या. रल्ली पसरून त्यांनी चष्मा लावला, मधोमध हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. शेठ गल्ल्यावरून उठून जवळ आले.

पोपट कुठाय, असं दादींनी हळूच विचारलं. हाच की, शीला कशीबशी म्हणाली, तुमचा सिंधी पोपट.

दादींनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत, आवाजही चढला नाही.

“सिंधीत नव्हते बोलले मी, बेटा. तुला नीट कळावं म्हणून मराठीत बोलले होते.”