छान, ताई

“जयभीम मामा,” एवढंच मयुरी म्हणाली. पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत निघून गेली. एरवी मामाच्या हातातली पिशवी हिसकावून घेणारी पोरगी. आज तिने मान वर केली नाही. साखरपुड्याचा दिवस, लाजत असेल, असं धम्मरत्नला वाटलं.

अंगणात मांडव घातला होता. धामणगाव बढेतली सगळी भावकी जमत होती. पाहुणे नांदुऱ्याहून निघाले होते. सिंधूताई पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली.

“आला बाप्पा तू! आता मले घोर नाई. तुह्याच भरोशावर तं हो म्हटलं म्या.”

“माह्या?”

“मंग? तू छान म्हटलं म्हून तं आम्ही पुढचं बोललो. तुहे दाजी म्हणत, धम्मरत्न सांगन तसं.”

ती हसत आत वळली. धम्मरत्नला काहीच आठवेना. साखरपुड्याचं आमंत्रण दाजींनी कोणाकडून तरी टाइप करून पाठवलं होतं. ते त्याने वाचलं होतं, अभिनंदनही लिहिलं होतं. पण त्याआधी आपल्याला कोणी काही विचारलं होतं?

मलकापूरच्या एका कॉलेजात तो ग्रंथपाल होता. बोलण्याचा त्याला कंटाळा. फोन वाजला की वाजू द्यायचा आणि मग लिहायचा, ‘काय काम होतं?’ लिहिलेलं नेमकं असतं, असं त्याचं म्हणणं. ताईची शाळा चौथीतच सुटलेली. तिचं बोट अक्षरांवर बसत नसे, म्हणून ती फोन तोंडाशी धरून बोलायची आणि ते बोलणं पाठवून द्यायची. जेवला का, म्हैस, शेजारची शालूबाई, तिची सून; मुद्दा कुठेतरी शेवटी. सुरुवातीला तो ऐकायचा. पुढे नुसता अंगठा पाठवू लागला. कधी मनाला खात राहिलं, तर सोबत दोन शब्द लिहायचा, ‘छान, ताई’.

तो गोठ्यामागे गेला. फोनवर मागे मागे जात राहिला. तीन आठवड्यांपूर्वीचा मेसेज होता, चार मिनिटांचा. खाली त्याचा अंगठा, आणि ‘छान, ताई’. चार मिनिटांच्या बोलण्याला उत्तर त्याच मिनिटाला गेलेलं होतं.

त्याने फोन कानाला लावला. म्हशीला पारडू झालं होतं. शालूबाईचा गुडघा दुखत होता. मग ताईचा आवाज हळू झाला.

“धम्मा, मयुरीसाठी नांदुऱ्याचं स्थळ आलं. पोरगा चांगला हाये. पण पोरगी नाई म्हणून राह्यली. बुलढाण्याले नर्सिंगले नंबर लागला तिचा. रडून राह्यली दोन दिवसापासून. मले काही सुचत नाई. तू शिकलेला हायेस. तू थांब म्हटलं, तं मी साऱ्यायशी भांडतो. सांग बाप्पा, काय करू?”

त्याने ते पुन्हा ऐकलं नाही. एकदाच पुरे होतं.

ताई चुलीपुढे होती. दाजी पुंजाजी दारात उभे होते, मयुरी कोपऱ्यात बसलेली.

“ताई, तुहा तो मेसेज म्या आज आयकला. आता. गोठ्यामांगं.”

ताईने वळून पाहिलं. “मंग छान कायले म्हटलं होतं?”

तो भाचीकडे वळला. “मयुरी, तूच सांग आता.”

“मले शिकायचं हाये, मामा,” ती जमिनीकडे पाहत म्हणाली. “परवा अॅडमिशनची शेवटची तारीख हाये.”

दाजी दाराची चौकट धरून तसेच खाली बसले.

मुलाचे वडील हिंमतराव. त्यांचा नंबर आमंत्रणावर होता. धम्मरत्नने सवयीने लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या, नम्र, नेटक्या, एकही चूक नसलेल्या. पाठवायला बोट टेकवणार, तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. त्याने त्या ओळी पुसल्या आणि बाहेर गेला.

सगळे उतरले होते. बायकांच्या हातात साडीचं ताट होतं. नवा शर्ट घातलेला मुलगा संकोचून हसत होता. धम्मरत्नने हिंमतरावांपुढे हात जोडले आणि उभ्या मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मुलाचं हसू कधी गेलं, ते त्याने पाहिलं नाही.

“साहेब,” हिंमतराव म्हणाले, “आमच्या पोरात काही खोट नव्हती.”

“नाही हो. खोट माझ्यात आहे.”

“येवढी माणसं घेऊन आलो आम्ही.” ते मागे वळले. पाणीही न घेता सगळे गाडीत बसले. ताट तेवढं कोणीतरी पदराखाली झाकून घेतलं.

दुपार कलली तेव्हा मांडव रिकामा होता. शिजलेलं अन्न शेजारीपाजारी वाटून झालं होतं. दाजी न जेवता शेताकडे निघून गेले होते. मयुरी आत कागद गोळा करत होती. ताई येऊन धम्मरत्नजवळ बसली.

“माफ कर मले, ताई,” तो म्हणाला.

“मले काऊन मांगतो माफी?” ताईने डोळ्यांना पदर लावला. “त्या दिवशी पोरगी सांगून राह्यली होती मले, आई, मामानं आयकलंच नाई, आयकलं असतं तं फोनवरची माइकची खूण निळी झाली असती. तीनदा सांगितलं तिनं. म्या तिच्या थोबाडीत मारली. म्हटलं, माह्या भावावर खोटा आळ घेतं काय?”