टेबल फॅन

नांदेडहून अर्धापूरला ही माझी तिसरी चक्कर. मुबश्शिराचा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी हँग व्हायचा आणि लोकांचे अर्धवट भरलेले ऑनलाइन फॉर्म उडायचे. रॅम बदलली, विंडोज नव्यानं टाकलं. कंटाळून सिस्टीम लॉग उघडला. सोमवारी सहा सतरा, बुधवारी सहा अठरा, शुक्रवारी सहा एकोणीस. दिवस मोठा होईल तशी वेळ सरकत होती. म्हणून आज तिथंच बसून राहिलो. दिवस मावळला, मुबश्शिरा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला उठली आणि तिच्या अम्मीनं टेबल फॅन बंद केला. कॉम्प्युटरच्या आतला पंखा मेल्यापासून उघडं कॅबिनेट थंड ठेवायला याच फॅनचा वारा होता. “खाला, बंद कामून केला?” “त्याच्या घरघरीत अजान ऐकू येत न्हाई, बेटा.” बाहेर खणखणीत अजान संपत आली, स्क्रीन गोठली. मुबश्शिरा दारात थबकली. कानामागं हात धरून अम्मी विचारत होती, “अजून सुरू न्हाई झाली?”