ओरखडा

घड्याळं दुरुस्त करताना बाबा दुकानात एकच सिंफनी लावायचे. सुरुवातीला मला तो नुसता गोंगाट वाटला. "समजून घ्यायला जाऊ नकोस, कानावर पडू दे. ओळख आपोआप होते," बाबा म्हणायचे. झालीही. कुठे व्हायोलिनं कुजबुजणार, कुठे ढोल कडाडणार, सगळं पाठ झालं. फक्त एका जागी रेकॉर्डवर ओरखडा होता. तिथे सुई अडकली की बाबा ती उचलून पुढे ठेवायचे.

काल तीच सिंफनी आम्ही पहिल्यांदा सभागृहात, वादकांसमोर बसून ऐकली. ती जागा आली आणि बाबांचा हात सवयीने वर गेला. पण काहीच अडकलं नाही. सगळी वाद्यं गप्प झाली आणि एकटी बासरी उठली. शेवटी सगळा वाद्यवृंद जी धून गर्जत वाजवतो, ती इथे जन्माला येत होती.

"अगं, ही इथे होती!" बाबा कुजबुजले. हात तसाच हवेत.

आज दुकानात सुई पुन्हा त्याच जागी अडकली. गिऱ्हाईक समोर ताटकळत होतं. बाबांनी सुई उचलली आणि मनातली बासरी संपेपर्यंत तशीच वर धरून ठेवली.