पाइप मोकळा आहे

दोन सख्ख्या भावांची घरं समोरासमोर, मधे खडीचा रस्ता आणि अकरा वर्षांचा अबोला. थोरल्यांच्या अंगणातलं पाणी दर पावसात रस्ता ओलांडून पलीकडच्या गटाराकडे धावायचं आणि जाताना सगळी खडी घेऊन जायचं. शेवटी दोघांच्या बायकांनी परस्पर गवंडी बोलावला आणि रस्त्याखालून सिमेंटचा पाइप घालून घेतला.

"आरपार मोकळा आहे का बघा," गवंडी म्हणाला. "एकाने इकडून हाक मारा, दुसऱ्याने तिकडून ओ द्या."

थोरले नाइलाजाने पोटावर आडवे झाले. "ऐकू येतंय का?"

"येतंय," पलीकडून धाकट्यांचा आवाज घुमत आला.

आता पाइप एकदा मोकळा निघाला म्हणजे निघाला. पण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले चटई घेऊन पुन्हा तपासायला गेले. तिसऱ्या दिवशी उशीही नेली. बायकोला खिडकीतून ऐकू यायचं, "गुडघा काय म्हणतोय रे तुझा?" रस्त्यात गाठ पडली, की मात्र दोघं माना फिरवून चालू लागायचे.

शनिवारी धो धो पाऊस झाला. बायको छत्री घेऊन बाहेर धावली, तर थोरले भिजत पाइपच्या तोंडाशी वाळूची पोती रचत होते. पलीकडे धाकटेही तेच करत होते. पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि खडी निघाली होती गावाला.

"अहो, पाइप कशासाठी घातलाय आपण?" ती ओरडली.

थोरल्यांनी शेवटचं पोतं नीट दाबून बसवलं.



"पाण्याचं काय गं, ते वरूनही जातं!"