कठीण संवाद कसे साधावेत

"व्यवस्थापन म्हणजे माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची सर्वोच्च कला आहे, साहेब," एवढं बोलून तो खुर्चीत टेकला आणि खुर्ची एका बाजूला कलली. तिचं एक चाक कधीचंच निखळलं होतं. त्या खुर्चीत तोल सांभाळून कसं बसायचं, हे ऑफिसातल्या बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला तिथं आजवर कोणी बसायलाच सांगितलं नव्हतं.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो माल रवाना करण्याचं काम बघायचा आणि दूरशिक्षणाने व्यवस्थापनाची पदवी घेत होता. शेवटचा एकच पेपर उरला होता. पदवी हातात पडायच्या आधीच हमालांनी त्याचं नाव 'एमबीए' ठेवून टाकलं होतं. "एमबीए, दोरी संपली," असं ते लांबून ओरडत, आणि त्याला ते बरंही वाटे. अभ्यास तो खोक्यांच्या थप्पीआड मोबाइलवर करी. पडद्यावरचे सर नेमके महत्त्वाच्या वाक्यावर तोंड उघडं टाकून गोठत. शिक्षक दूर, विद्यार्थी दूर आणि शिक्षण दोघांपासूनही दूर, तरी तो पास होत गेला, कारण पाठांतर पक्कं होतं. सहायक व्यवस्थापकाची जागा रिकामी होती. 'पदवी झाली की बघू,' असं साहेब एकदा जिना उतरताना म्हणाले होते. बायकोने ते माहेरी कळवून पार आत्याबाईंपर्यंत पोचवलं होतं.

"अहो एमबीए," साहेब म्हणाले, "एकाला कामावरून कमी करायचंय. वरून आलंय तसं. मला ते जमत नाही हो."

जमत नाही हे खरंच होतं. मागे रखवालदाराला काढायचं म्हणून साहेबांनी आत बोलावलं, तर तो पगारवाढ घेऊन बाहेर आला.

"कोणाला, साहेब?"

साहेबांनी काचेतून बाहेर पाहिलं. त्यानेही पाहिलं. बाहेर स्टोअरवाले काका खुर्चीसकट डुलक्या घेत होते. त्याला जरा वाईट वाटलं. काकांच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं. पण साहेब सल्ला विचारत होते, आणि तोही त्याला. वाईट वाटायचं थांबलं.

"आम्हाला आहे ते, साहेब. 'कठीण संवाद कसे साधावेत.' अख्खा धडा आहे."

"मग सांगा की."

तो सांगू लागला. आधी माणसाला बसायला सांगायचं. पाणी पुढे करायचं. कारण एकच द्यायचं, दोन दिली की माणूस वाद घालतो. माफी मागायची नाही, मागितली की चूक आपली ठरते. 'मीच का' असं त्याने विचारलं, तर हा निर्णय माणसाचा नाही, पदाचा आहे, असं म्हणायचं. आणि सांगून झालं की गप्प बसायचं. शांतता आपण मोडायची नाही, त्याची त्याला मोडू द्यायची.

साहेबांनी सगळं भराभर लिहून घेतलं. "एकदा करून बघू या का? तुम्ही तो माणूस व्हा."

तो झाला. खांदे पाडले, बोटं एकमेकांत अडकवली.

साहेबांनी घसा खाकरला, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "हे बघा, तुमचं पद यापुढे कंपनीला ठेवता येत नाहीये. या महिनाअखेर तुम्हाला मोकळं करतोय."

"नजर कागदावर नको, साहेब. त्याच्या डोळ्यांत."

साहेब त्याच्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणाले. या खेपेला आवाज जरासुद्धा हलला नाही.

"साहेब, पोरीचं लग्न आहे हो," तो काकांच्या सुरात म्हणाला. आवाजाला त्याने थोडं कापरंही भरवलं. "मीच का?"

"हा निर्णय माणसाचा नाही, पदाचा आहे."

"या वयात मी कुठं जाऊ?"

साहेब गडबडले. "याला काय म्हणायचं?"

"काहीच नाही. नुसती मान हलवायची. सहानुभूती दिसली पाहिजे, पण हाती लागता कामा नये."

साहेबांनी मान हलवली. सहानुभूती दिसली.

"वा, साहेब. पैकीच्या पैकी." तो सावरून बसला. "आता बोलवा त्यांना."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"बोलावलं होतं ना," ते म्हणाले. "सांगून झालं."

तो हसला. मग साहेब हसतायत का ते त्याने पाहिलं.

"म्हणजे, काका नाहीत?"

"काका कशाला? माल पाठवायचं काम कंत्राटदाराला दिलंय."

कारण एकच होतं. 'मीच का' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं, पण उत्तर त्याला पाठ होतं.

"साहेब, शेवटचा एकच पेपर राहिलाय."

साहेबांनी मान हलवली आणि ते गप्प बसले. बाहेर चिकटपट्टीचं यंत्र कुरकुरत होतं. शेवटी तोच उठला.

तो दारापाशी पोचला, तेव्हा मागून साहेबांची हाक आली. आवाज पुन्हा पहिल्यासारखा, ओशाळा. तो झटकन वळला.

"अहो, अजून दोघांना सांगायचंय. जरा बाहेर थांबाल का? मध्येच अडलं तर विचारता येईल."