विजेला वाट

सांगलीजवळच्या मळ्यात लोखंडी मांडवाखाली गुणमालाबाई बायकांना वाचायला शिकवणार होत्या. त्यांचे यजमान आदगोंडा यांनी दिव्यासाठी लढाईवरून परतलेल्या कृष्णात वायरमनला बोलावलं. त्यानं आधी खड्डा खणला आणि मांडवाच्या खांबाला बांधलेली तांब्याची तार कोळशा-मिठात पुरली. “दिव्याला खड्डा कशाला रं?” आदगोंडा वैतागले. “आवं, छावणीत वीज उतरलेल्या वल्या खांबाला शिवून दोस्त गेला माजा. विजेला भुईत उतराय वाट पायजे.” पहिल्याच वर्गाला वारा सुटला. वेलींना पाणी घालून आलेल्या गुणमालाबाई ओल्या हातानं खांब धरून उभ्या होत्या, तेवढ्यात फ्यूज उडून दिवा विझला. कृष्णातनं वर चढून पाहिलं. वाऱ्यानं घासून उघडी पडलेली दिव्याची तार खांबाला टेकली होती, पण वीज बाईंना सोडून पुरलेल्या तारेवाटे भुईत उतरली. आदगोंडांनी सगळ्यांदेखत बायकोचा हात धरला. गुणमालाबाई म्हणाल्या, “कृष्णात, असा लेक जल्माला घातला म्हणून उद्या तुज्या आईच्या पाया पडाय येते.”